पिवळ्याचं हिरवं होईपर्यंत

मी खावमाव बोलतेय. नावाला हसू नका. भाताचे कोवळे दाणे भाजून, कुटून जे हिरवे पोहे करतात, त्यांना आमच्याकडे खावमाव म्हणतात. मांजराला पोह्यांचं नाव का ठेवलं आणि त्या नावापायी दोन घरांत चार वर्षं काय घडलं, तेच आज सांगायला बसलेय. मला फार बोलायची सवय नाही. आमची जातच मितभाषी. पलीकडच्या गल्लीतल्या काळ्या तोंडाच्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरी दिवसभर घसा कोरडा करतात. त्यांचं त्यांना लखलाभ.

आम्ही कोराटच्या पठारावरच्या, पिमायच्या आसपासच्या खेड्यांतल्या. लोक आम्हाला सी-सवात म्हणतात, म्हणजे सागरगोट्याच्या रंगाच्या. तुम्ही लहानपणी सागरगोटे खेळला असाल तर माझा रंग वेगळा सांगायला नको. राखाडी, त्यात निळसर झाक, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला किंचित चांदी. तोंड पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं. अंगावर केसांचा एकच थर, आत ऊबदार लोकर नाही, त्यामुळे आम्हाला थंडी फार लागते आणि माणसाची मांडीही फार लागते. डोळ्यांचं मुद्दाम मागे ठेवलंय, कारण सगळी कथा डोळ्यांचीच आहे.

स्वभावाचं विचाराल तर खरं तेच सांगते. मोठा आवाज आम्हाला सोसत नाही. घरात दहा माणसं असली तरी आम्ही त्यातलं एकच निवडतो आणि मग जन्मभर त्याचीच पाठ धरतो. त्या माणसाच्या मांडीवर दुसरं मांजर बसलं की मी पंजा मारून त्याला उठवते. याला कुणी मत्सर म्हणतं. म्हणोत.

आणखी एक. आम्हाला विकत घेत नाहीत. बाजारात पिंजऱ्यात घालून विकणारे आता निघालेत म्हणतात, पण तसं आणलेलं सी-सवात घराला लागू होत नाही. आम्हाला द्यायचं असतं, आणि द्यायचं तेही जोडीनं, नर आणि मादी. लग्नात नव्या जोडप्याला देतात. बाळ पहिल्यांदा पाळण्यात घालायचं असलं तर आधी आम्हाला पाळण्यात ठेवतात. दिलेलं मांजर परत घ्यायचं नाही आणि परत पाठवायचंही नाही. एवढे नियम झाले. बाकी आम्ही उंदीर पकडतो, तो आमचा छंद.

माझा जन्म मून नदीकाठच्या एका खेड्यात, सवेंग नावाच्या माणसाच्या घराखाली झाला. आमच्याकडची घरं खांबांवर उभी असतात; वर माणसं राहतात, खाली सावलीत कोंबड्या, माग आणि बांबूचा माच. सवेंग बांबूच्या तट्ट्या विणायचा. त्याच्या तट्टीवर पाणी ओतलं तर तेही क्षणभर थांबून वाट शोधेल, असं गावात म्हणत. बायको वारलेली. एकच मुलगी, लमाय. मी जन्मले तेव्हा लमाय एकोणीस वर्षांची होती. तिनंच मला तळव्यावर धरून, निळे मिचमिचे डोळे पाहून नाव ठेवलं होतं. सी-सवातचे डोळे कोवळ्या भाताच्या रंगाचे असतात, तेव्हा हिचेही होतील, म्हणून खावमाव.

पण डोळ्यांनाही त्यांची घाई नसते. जन्मतः ते निळे. मग निळेपणा जातो आणि पिवळे होतात, अगदी हळदीसारखे. मग दोन, तीन, कधी चार वर्षांनी बाहुलीभोवती हिरवं कडं फुटतं आणि हळूहळू पसरत जातं. सवेंगच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, जसं भात कापायला कधी येतो ते ठाऊक असतं. त्यामुळे ते कुणी बोलून दाखवत नसे. तिथंच चूक झाली.

लमायचं लग्न पिमाय गावात ठरलं. मुलगा सनान, सरळ आणि जरा भित्रा. त्याची आई थोंगबाय शेवयांचा कारखाना चालवायची. कारखाना म्हणजे मागचं अंगणच: तांदूळ भिजवायचे, वाटायचे, वाफेवर ताणलेल्या कापडावर पिठाचा पातळ पापुद्रा घालायचा, तो काठीनं अलगद उचलून तट्टीवर उन्हात पसरायचा आणि वाळला की कापायचा. तट्ट्या सवेंगच्याच असत, त्यातून ही सोयरीक जुळली. आमच्यात जावई सासऱ्याच्या घरी राहायला येतो. पण सनान एकुलता, थोंगबायला माणूस हवं होतं, म्हणून सवेंगनं रीत मोडून मुलगी पाठवायचं कबूल केलं. गावानं नाकं मुरडली. सवेंग म्हणाला, मुलगी सुखात असली की रीत आपोआप दुरुस्त होते.

रीत मोडली म्हणून की काय, त्यानं देणं मात्र भरभक्कम दिलं. माझ्याबरोबर त्यानं मेकला दिलं. मेक म्हणजे ढग. तो चार वर्षांचा होता, भरदार, हिरव्यागार डोळ्यांचा. सवेंगच्या बायकोनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. ती गेल्यावर तो सवेंगच्या पायथ्याशी झोपे. करंडीत घालण्याआधी सवेंगनं त्याला दोनदा परत उचलून घेतलं. लग्नात वधूवरांच्या मनगटांना पांढरे दोरे बांधतात, तसे दोन दोरे आमच्या दोघांच्या गळ्यांतही बांधले. लाउडस्पीकर इतका कर्कश होता की मी करंडीच्या तळाशी डोकं खुपसून बसले होते. त्यामुळे माझं लग्नातलं ज्ञान एवढंच.

थोंगबायच्या घरी तिसऱ्या दिवशी तिनं आम्हा दोघांना अंगणात उन्हात घेतलं. तिला मांजरांची पारख आहे असं ती स्वतः सांगायची. तिच्या माहेरी एक सी-सवात होतं, मोठं, वयस्कर. ते पाहतच ती लहानाची मोठी झाली होती. मांजर तिनं पाहिलं होतं, मांजर वाढताना पाहिलं नव्हतं. तिनं मेकची हनुवटी उचलली, समाधानानं मान हलवली. मग माझी उचलली. बराच वेळ पाहिलं.

"हे कुठनं उचललं?" तिनं लमायला विचारलं.

लमाय म्हणाली, घरचंच आहे, मेकच्याच नात्यातलं आहे, डोळे अजून व्हायचेत, तीन-चार वर्षांनी हिरवे होतील.

थोंगबाय हसली. तिथं शेवया कापणाऱ्या दोन बायका होत्या, त्याही हसल्या. "ऐकलं का गं? आंबा हिरव्याचा पिवळा होतो, ते आपण जन्मभर बघतोय. आता हिचं मांजर पिवळ्याचं हिरवं होणार. उलटा आंबा!" मग हसू थांबवून ती म्हणाली, "पोरी, देवळाच्या पायरीवरचं मांजर बापानं जोडीला लावून दिलं असेल तर तसं सांग. मी काही खाणार नाहीये तुला."

लमायनं पुन्हा एकदा सांगून पाहिलं. नवी सून दुसऱ्यांदा तेच सांगते तेव्हा ते खरं असलं तरी उलट उत्तर वाटतं. थोंगबायचा चेहरा बदलला. तिला मांजराचं दुःख नव्हतं, तिला वाटलं आपल्याला फसवलं. एक खरं आणि एक खोटं देऊन चार लोकांत हसं केलं. आणि एकदा तसं वाटल्यावर तिला लमायच्या हातची शेवईही खोटी वाटायला लागली. खरं तर लमायचा पापुद्रा तेव्हा फाटायचा, कारण हात नवा होता.

त्याच दुपारी मला करंडीत घालून, झाकण बांधून सनानबरोबर परत धाडलं. तो मोटरसायकलवरून सवेंगच्या दारात उतरला. आईचा निरोप त्याच्या तोंडातून जसाच्या तसा निघेना. तो म्हणाला, घरी दोन मांजरांना जागा कमी पडते. सवेंग माचावर तट्टी विणत होता. त्यानं करंडीकडे पाहिलं, माझ्या गळ्यातल्या दोऱ्याकडे पाहिलं. त्याचे हात थांबले नाहीत.

"ठेव तिथं," तो म्हणाला. "पाणी पिऊन जा. ऊन आहे."

सनान पाणी प्याला आणि मान खाली घालून गेला. सवेंगनं संध्याकाळपर्यंत करंडीचं झाकण उघडलं नाही. मी आत ओरडले नाही, फक्त दोनदा हळूच हाक मारली. शेवटी त्यानं झाकण काढलं, मला बाहेर घेतलं आणि मला वाटलं आता मांडीवर घेईल. त्यानं मला माचावर ठेवलं, आणि तो पुन्हा विणायला लागला.

त्या दिवसापासून सवेंग मुलीच्या सासरी गेला नाही. तट्ट्या मात्र गेल्या. दर महिन्याला पिकअप गाडीवाल्याबरोबर, मोजून, पूर्वीसारख्याच घट्ट विणीच्या. कामात त्यानं राग उतरू दिला नाही. राग सगळा घरात ठेवला.

मी माझं माणूस निवडलं होतं. लमाय गेल्यावर सवेंगखेरीज होतं कोण? मी त्याच्या पाठीमागे विहिरीवर जाई, बांबू फोडताना दूर बसून राही, कारण तो आवाज मला सोसत नसे, आणि आवाज थांबला की त्याच्या खांद्यावर चढे. तो मला खाली ढकलत नसे. भाजलेल्या माशाचा मऊ भाग काढून ठेवी. पण कुणी आलं आणि माझं कौतुक केलं, की तो एकच वाक्य बोले: "हे माझं नाही."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, चुकून बोलला. मग ते वाक्य मला पाठ झालं. शेजारची नुआनकाकू मुलीच्या लग्नासाठी मला मागायला आली. जोडीचा बोका तिच्याकडे होता. सवेंग म्हणाला, "हे माझं नाही. जे माझं नाही ते कसं देऊ?"

"मग कुणाचं, सरकारचं?" काकू म्हणाली. "खातंय तुझ्या ताटात, झोपतंय तुझ्या पायाशी."

सवेंग हसला नाही. त्यानं तिला घरातल्या दुसऱ्या मांजरीची दोन पिल्लं दिली. त्या संध्याकाळी मी त्याच्या खांद्यावर चढले नाही, खांबाच्या बुडाशी बसून राहिले. मांजराला लाज नसते म्हणतात. मला वाटली. एका घरानं खोटी म्हणून परत पाठवलं, आणि दुसऱ्या घरात ज्याच्यावर जीव टाकला तो चारचौघांत आपली म्हणायला तयार नाही. मग मी असते तरी कुणाची?

माझ्या गळ्यातला लग्नाचा दोरा पावसापाण्यानं कुजला, तेव्हा त्यानं नवा पांढरा दोरा आणून बांधला. दर वर्षी नव्या वर्षाला, एप्रिलच्या उन्हात, तो नवा दोरा बांधायचा. मी ते मनाला लावून घेतलं होतं. परक्या गुरालाही अशीच खूण बांधतात.

लमाय नव्या वर्षाला यायची. बापाच्या हातांवर सुगंधी पाणी घालायची, आशीर्वाद घ्यायची, आणि मग मला घेऊन पायरीवर उजेडात बसायची. हनुवटी धरून माझे डोळे पाहायची. पहिल्या वर्षी म्हणाली, "अजून नाही गं." तिच्या बोटांना वाफेचे चटके होते.

दुसऱ्या वर्षी ती वाळली होती. पोटातलं मूल तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. थोंगबाय तिला घालूनपाडून काही बोलली नाही, उलट तिनं आठ दिवस स्वतःच्या हातानं पेज पाजली. ती बाई वाईट नव्हती, फक्त एकदा ठरवलं की ठरवलं. पण शेवया कापणाऱ्या बायका आपसांत बोलत, की जोडी फोडलेल्या घरात पाळणा कसा हलेल. ते थोंगबायच्याही कानावर गेलं असणार. त्याच सुमारास मेक गेला. तो माझ्या परतीपासून नीट खात नव्हता, दारापाशी बसून असायचा. एका सकाळी पुलापलीकडे, ट्रकच्या रस्त्यावर सापडला. लोक म्हणाले, उंदरामागे गेला असेल. तो रस्ता पिमायहून आमच्या गावाकडे येतो. लमायनं हे बापाला सांगितलं तेव्हा सवेंग उठून मागे गेला आणि बराच वेळ नुसताच बांबू तासत बसला. मीही त्या दिवशी मासा खाल्ला नाही.

त्याच भेटीत, निघताना, लमायनं माझी हनुवटी उचलली आणि ती एकदम स्तब्ध झाली. माझ्या बाहुलीभोवती हिरवं कडं आलं होतं, दोऱ्याएवढं. तिला रडू आलं. पुढच्या वर्षी ते अर्ध्यावर आलं. त्याच्या पुढच्या वर्षी पिवळं शोधावं लागत होतं, आणि लमायला पुन्हा दिवस गेले होते, यावेळी सहावा सरला होता.

"बाबा, आता नेते हिला," ती म्हणाली. "आईंना दाखवते."

"नको," सवेंग म्हणाला. "आपण नेऊन दाखवलं तर ते भांडण. मागायला येऊ दे."

"नाही आल्या तर?"

सवेंग पुन्हा विणायला लागला. लमाय उठून गाडीत बसली. बापाचा हट्ट आणि सासूचा हट्ट यांच्यात ती चार वर्षं दळली जात होती, आणि दोघांपैकी एकालाही ते दिसत नव्हतं. मला दिसत होतं, पण मला कोण विचारतं?

लमायला मुलगी झाली. महिना झाला तसा पाळण्यात घालायचा दिवस धरला. त्यासाठी सी-सवात हवं. थोंगबायनं पिमायभर चौकशी केली. ज्यांच्याकडे होतं त्यांचं म्हातारं झालेलं, नाहीतर शेपूट तुटलेलं. कुणीतरी बाजारातून आणायचं सुचवलं तर तिनंच त्याला झापलं, की माझी नात काय दुकानातल्या मांजरावर निजवू? प्रत्येक घरी शेवटी एकच सल्ला मिळाला: सवेंगकडे जा, त्याच्यासारखी मांजरं कुणाकडे नाहीत. सुनेला विचारावं तर सून गप्प. हट्ट तिलाही होता म्हणायचा, बापाचीच मुलगी.

मग एका सकाळी पिकअप गाडी थांबली आणि थोंगबाय उतरली. चार वर्षांत ती वाकली होती. हातात मोडलेली एक तट्टी होती, निमित्ताला. सवेंगनं माच झटकला, तिला बसवलं, पाणी दिलं. तट्टी हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि म्हणाला, ही विणीनं मोडलेली नाही ताई, कुणीतरी गुडघ्यावर मोडलीय. थोंगबायनं नदीकडे पाहिलं. थोडा वेळ दोघंही पाण्याची पातळी, तांदळाची जात असलं काहीबाही बोलत राहिले.

मी वर जिन्यात होते. त्या बाईचा आवाज मी विसरले नव्हते. पळावंसं वाटलं. पण खाली सवेंग बसला होता, आणि सकाळचं कोवळं ऊन नेमकं माचावर पडलं होतं. मी उतरले आणि त्याच्या गुडघ्याशी जाऊन बसले.

थोंगबाय बोलताबोलता थांबली. ती पुढे वाकली. तिनं हात लावला नाही, नुसतं पाहिलं. उन्हात माझ्या बाहुल्या बारीक झाल्या होत्या आणि बाकी सगळं हिरवं होतं.

"अगदी असंच," ती म्हणाली. "आमच्या माहेरच्या मांजराचे अगदी असेच होते." मग तिनं पदर सावरावा तशी खांद्यावरची ओढणी सारखी केली आणि आवाज खाली आणून विचारलं, "दादा, हे मांजर कुणाचं?"

मला उत्तर पाठ होतं. मी मान खाली घातली.

"तुमचंच," सवेंग म्हणाला.

थोंगबायला कळलं नाही. मलाही नाही.

"तुम्ही चार वर्षांपूर्वी ठेवायला पाठवलं होतंत. जागा कमी होती म्हणून," तो म्हणाला. "दिलेलं आम्ही परत घेत नाही. राखलंय तुमच्यासाठी. दोरा बघा, लग्नातलाच आहे म्हणायचा, फक्त दर वर्षी बदलला."

थोंगबायनं मग माझ्या गळ्याला हात लावला. बोटांनी दोरा चाचपला. तिला मेक आठवला असेल, ते गेलेलं मूल आठवलं असेल, अंगणातलं ते हसणंही आठवलं असेल. चार वर्षं एक बोलणं खरं होतं आणि ते बोलणारी तिच्याच घरात वाफेवर हात भाजत होती.

"उलटा आंबा," शेवटी ती म्हणाली, आणि डोळ्यांना ओढणी लावली. "पोर सांगत होती मला. दोनदा सांगितलं तिनं. मीच..." मग तिनं सवेंगपुढे हात जोडले, कपाळापर्यंत. मोठ्या वयाच्या बाईनं विहिणीच्या नात्यात इतके उंच हात जोडायचे नसतात. सवेंग गडबडून माचावरून उतरला.

"तुम्हीही चला," ती म्हणाली. "देणाऱ्यानंच पाळणा पहिल्यांदा हलवायचा असतो. तेवढी रीत मोडू नका."

सवेंगनं धुतलेला सदरा घातला. मला तो करंडीत घालणार होता, पण मग त्यानं करंडी तिथंच ठेवली. मी त्याच्या मांडीवर बसून पिमायला गेले. गाडीचा आवाज भयंकर होता. तरी मी हलले नाही. "माझं नाही" या शब्दांचा चार वर्षं मी उलटा अर्थ लावला होता. तो मला नाकारत नव्हता, दुसऱ्याची वस्तू जिवापाड जपत होता. हे कळलं तेव्हाच हेही कळलं, की तो आता मला द्यायला निघालाय.

दारात बापाला पाहून लमायच्या हातातली परात खाली पडली. तिनं सासूच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बापाच्या पायांशी बसली.

मला अंघोळ घातली. या विषयावर मी काही बोलणार नाही. पावडर लावली, नवा दोरा बांधला, तो यावेळी थोंगबायनं. पाळण्यात मऊ कापड होतं. एका बाजूला वरवंटा, एका बाजूला कोहळा, उशाशी भात आणि कापसाच्या सरक्या. मला मध्ये ठेवलं. सवेंगनं दोरी धरली आणि तीन झोके दिले. वरवंट्यासारखी घट्ट राहा, कोहळ्यासारखी थंड राहा, मांजरासारखी घराला धरून राहा, असं तो पुटपुटत होता. आशीर्वाद बाळासाठी असतो, पण तो माझ्याकडे पाहत होता.

मग मला उचलून बाळाला ठेवलं. थोंगबाय लमायजवळ जाऊन उभी राहिली. सगळ्यांसमोर, त्या शेवया कापणाऱ्या बायकांसमोरसुद्धा, म्हणाली, "हिच्या मांजराचे डोळे व्हायला चार वर्षं लागली. माझे उघडायला साठ लागली. हसायचं तर आता मला हसा." कुणी हसलं नाही. लमायनं सासूचा हात धरला आणि तो बराच वेळ सोडला नाही.

जेवणं झाली. सवेंग निघाला. देणाऱ्यानं मागे वळून पाहायचं नसतं, नाहीतर मांजर त्या घरात रुजत नाही. मी उंबऱ्यात बसून त्याची पाठ पाहिली. आमची जात ओरडत नाही म्हणून मी सुरुवातीला सांगितलं. त्या दिवशी मी ओरडले. तो थांबला. मान वळली नाही, खांदे तेवढे हलले, आणि तो चालत गेला. सगळ्यांचं भलं झालेल्या त्या दिवशी माझं माणूस मात्र गेलं. हेही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट खोटी होईल.

मी आठ दिवस जेवले नाही. नवव्या दिवशी सवेंग तट्ट्या घेऊन आला, यावेळी स्वतः. त्यानंतर दर आठवड्याला येत राहिला. मी खांद्यावर चढायची, तो म्हणायचा, "उतर, तू माझी नाहीस," आणि उतरू द्यायचा नाही.

आता मी पंधरा वर्षांची आहे. पाळण्यातली ती पोर, वान, दहा वर्षांची झाली. शाळेतून आली की मला पोटाशी धरते, जरा जास्तच घट्ट. माझा उजवा डोळा गढूळ झालाय. लमायचा पापुद्रा आता साऱ्या पिमायमध्ये सर्वांत पातळ असतो. सवेंग दोन वर्षांपूर्वी भात कापणीच्या दिवसांत गेला. त्याच्या हातची एक तट्टी थोंगबायनं वापरातून काढून अंगणात माझ्यासाठी ठेवलीय. तिच्यावर ऊन येतं तोवर मी तिथंच असते.

माझं मागणं थोडंच आहे. तुमच्या घरी कुणी पिवळ्या डोळ्यांचं आलं, तर लगेच करंडीचं झाकण बांधू नका. तीन वर्षं थांबा, चार थांबा. ज्यांनी ते वाढवलंय, ते काय सांगतात ते दुसऱ्यांदा तरी ऐका.

थोंगबायला आता दोन्ही डोळ्यांनी धड दिसत नाही. ती माझ्याजवळ खुर्ची टाकून बसते, हात माझ्या पाठीवर. शेवया घ्यायला आलेलं कुणीतरी परवा तिला म्हणालं, आजी, काय देखणं मांजर आहे, तुमचं का?

"माझं नाही बाई," ती म्हणाली. "सवेंगदादाचं आहे. मी राखतेय."